इरईचं पाणी जातं कुठे?

आज पाहुणा नाही, मीच आहे. मागे खडखड ऐकू येईल, आई भांडी खोक्यात भरतेय.

२८ फेब्रुवारीला बाबा रिटायर होतायत. चंद्रपूरच्या थर्मल पॉवर स्टेशनमध्ये ३४ वर्षं झाली. आता ऊर्जानगरचं क्वार्टर सोडायचं आणि आई-बाबा नागपूरला ताईजवळ जाणार. मी पुण्यातली नोकरी जानेवारीत सोडली, दुसरी अजून नाही. म्हणजे दोन महिन्यांत पगार, घर, गाव, सगळंच गेलं. अशा वेळी शहाणा माणूस अर्ज पाठवतो. मी ५० लिटरची सॅक मागवली.

मित्रांना वाटलं स्पिती. मला जायचंय सिरोंच्याला.

झालं असं, की एका रात्री झोप येईना म्हणून नकाशा बघत बसलो. इरई धरणाच्या पाण्यावर बाबांचा प्लांट चालतो, आमचा नळही. लहानपणी वाटायचं, इरई इथंच संपते. पण ती शहराच्या खाली वर्धेला मिळते. वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते आणि तिथून नाव पडतं प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते, समोर तेलंगणा. म्हटलं, या पाण्यामागे जाऊ. १९८२ पर्यंत गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होतं, पण मी मार्कंड्याच्या जत्रेपलीकडे कधी गेलोच नाही. बाकीचं गडचिरोली बातम्यांतलं.

हातात तीन आठवडे आहेत. शेतांतून, गावांतून पायी, आणि जंगलाचा पट्टा आला की एसटी. हसू नका. २०२२ मध्ये आमच्या प्लांटच्या आवारातच वाघानं माणूस मारलाय. त्यात मार्च म्हणजे मोहफुलं पडायला लागतात, बाया पहाटेच वेचायला निघतात. खाली वाकलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, हे त्यांना माहीत असतं. पोटासाठी त्यांना जावं लागतं. तीच जोखीम मी हौस म्हणून घ्यावी, हे मला काही पटत नाही.

आलापल्लीहून भामरागडकडे वळायचंही मनात आहे. तिथं इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा भेटतात. पावसाळ्यात पूर आला की त्या गावाचा संपर्कच तुटतो, त्यामुळे जायचं तर आत्ताच. एप्रिल-मेचं आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच.

सध्या १४ किलोची सॅक घेऊन जिने चढ-उतर चालू आहे. आई म्हणाली, "काऊन रे, आपण घर खाली करून राहिलो, अन् तू एक घर पाठीवर घेऊन राहिला?" मग दोन शर्ट काढले. त्या जागी तिनं जवसाच्या चटणीचा डबा कोंबला.

बाबांना सांगायचंच राहिलं होतं. नोकरी सोडल्यापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं. काल जेवण झाल्यावर फोनवर नकाशा उघडून समोर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोटांनी नदी मोठी केली आणि धरणापासून हळूहळू खाली नेत गेले. बाबांची निम्मी नोकरी पंप हाऊसमध्ये गेलीय. हे पाणी पुढे कुठे जातं, ते त्यांनीही कधी पाहिलेलं नाही.

"चपराळ्यापर्यंत येतो मी," एवढंच म्हणाले. "संगम पाहीन अन् एसटीनं परत."

आज सकाळी गॅलरीत गेलो, तर त्यांचे ड्युटीचे बूट धुऊन उन्हात ठेवलेले.