दंश आणि दिलासा
(आरोग्य सप्ताहातील पालक-विद्यार्थी सभेत केलेले भाषण)



महाराष्ट्रापासून दूर राहूनही आपल्या घरांनी दोन गोष्टी निष्ठेने जपल्या आहेत : आजीची भाषा आणि आजीचा बटवा. त्या बटव्यातील एकाच कप्प्याविषयी, कीटकदंशावरील घरगुती उपायांविषयी, आज बोलावे असे मी योजिले आहे.

मधमाशी डसली की चुना लावावा, गांधीलमाशी डसली की लोखंड घासावे, मुंगी चावली की खाण्याचा सोडा चोळावा, विंचवाच्या दंशावर चिंचोका उगाळून लावावा किंवा आघाड्याचे मूळ ठेचून बांधावे, हे सारे आपण ऐकत आलो आहोत. हे उपाय डोळे मिटून स्वीकारणे सोपे आहे, अडाणीपणा म्हणून टाकून देणेही सोपे आहे. पारखून घेणे मात्र कष्टाचे, आणि शाळा त्यासाठीच असते.

मुंगीच्या दंशातील आम्लाचे सोड्याने उदासिनीकरण होते, असे आपण विज्ञानात शिकतो. पण विष कातडीखाली असते आणि सोडा वरच राहतो. मधमाशीच्या दंशाची आग तर मुख्यतः मेलिटिन नावाच्या पदार्थामुळे होते. ती चुन्याने विझत नाही, उलट कोवळी कातडी चुन्याने भाजते. तेव्हा चुना पानाच्या डब्यातच राहू द्यावा.

मग करावे काय? मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे ती कातडीत रुतून राहते आणि माशी उडून गेल्यावरही तिला जोडलेली पिशवी विष सोडीत राहते. म्हणून नखाने वा चिमट्याने, जसे जमेल तसे, पण ताबडतोब ती नांगी काढावी. गांधीलमाशी सहसा नांगी मागे ठेवीत नाही. तिथे उगाच टोकरू नये. जागा साबणाने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा, सूज चढण्याआधी बोटातील अंगठी काढावी. नंतर सहाणेवरील चंदन किंवा कोरफडीचा गर लावल्यास थंडावा मिळतो. आजीच्या गार पाण्याच्या घडीत तथ्य होतेच.

परंतु घरगुती उपायांना एक सीमा आहे. अंगभर गांधी उठल्या, ओठ वा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, चक्कर आली, तर तिथे बटवा मिटावा. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच प्राण वाचवते, आणि हाताशी मिनिटेच असतात. तोंडात वा घशात दंश झाला, किंवा मोहोळच उठून अनेक माश्या डसल्या, तरीही थेट रुग्णालय गाठावे.

विंचू हा खरे तर कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे नोंदवली. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय ही हृदयावर आघात होत असल्याची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी ओळखले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी यशस्वीपणे वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चिंचोका उगाळण्यात जाणारा तास किती मोलाचा असतो, हे या कार्याने आपल्याला शिकवले.

विद्यार्थिमित्रांनो, घरी जाऊन आजी-आजोबांना त्यांचे उपाय विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. प्रत्येकापुढे ‘आराम देणारा’, ‘निरुपद्रवी’ की ‘अपायकारक’ हे आपल्या शिक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लिहा. आणि त्याच पानावर ठळक अक्षरांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक लिहून ठेवा.

वडीलधाऱ्यांची माया दंशावर फुंकर घालते. ती फुंकर अवश्य घालावी. मात्र तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी वाहन बोलवावे.