गाठोडं न सोडता पुरावा कसा पाहावा?

(सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेली मांडणी)



आजच्या सत्राचा विषय वाचून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मी पाहिल्या. तुकड्यांत बांधलेल्या फाईलींमधून डिस्क इमेज थेट माउंट करणं! हे तर संगणकवाल्या पोरांचं काम, आपल्याला कशाला हवं? माझं म्हणणं असं की हे काम आपलंच आहे. कारण त्या फाईलींमध्ये आपल्याकडे आलेल्या बाईचं आयुष्य असतं. नवऱ्याच्या धमक्यांचं रेकॉर्डिंग, अंगावरच्या वळांचे फोटो, कधी तिच्या नकळत काढलेली चित्रफीत. ती फाईल कोण उघडतं, कुठल्या संगणकावर उघडतं आणि उघडल्यावर तिच्या किती प्रती मागे राहतात, याची जबाबदारी आपण टाळू शकत नाही.

आधी शब्द समजून घेऊ. डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या सीडीची, डीव्हीडीची किंवा पेनड्राइव्हची हुबेहूब प्रत, एकाच फाईलमध्ये. सीडी-डीव्हीडीची इमेज बहुधा 'आयएसओ' असते. सीडीत सुमारे ७०० एमबी मावतात, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर मात्र ४ जीबीची एक फाईलही बसत नाही. म्हणून वकिलांकडून वा तज्ज्ञाकडून इमेज येते ती तुकड्यांत: पार्ट-१, पार्ट-२ अशा रार फाईली, किंवा शेवटी ००१, ००२ असे आकडे लावलेले तुकडे.

मग आपण काय करतो? सगळे पार्ट डेस्कटॉपवर घेतो, एक्स्ट्रॅक्ट करून इमेज काढतो आणि इमेजमधल्या फाईली पुन्हा बाहेर काढतो. हिशेब करा. ४.७ जीबीचे पार्ट, तेवढीच इमेज, तेवढ्याच फाईली. चौदा जीबी जागा गेली, हे नुकसान लहान आहे. मोठं नुकसान हे, की एका बाईच्या खाजगी गोष्टींच्या तीन प्रती सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर झाल्या. पुसलेल्या फाईलीही पुष्कळदा परत मिळवता येतात. आमच्याकडच्या एका प्रकरणात एका कार्यालयातल्या संगणकावर बाईच्या फोटोंचं फोल्डर, तिच्या नावासकट, आठवडाभर उघडं पडलं होतं. येणाजाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत होतं. त्यानंतर तिने तक्रार मागे घेण्याची भाषा सुरू केली.

माउंट करणं म्हणजे फाईली बाहेर न काढता, 'ही इमेज म्हणजे ड्राइव्हमध्ये घातलेली डिस्कच आहे असं समज' असं संगणकाला सांगणं. पडद्यावर एक नवा ड्राइव्ह दिसतो. पाहायचं ते पाहायचं आणि इजेक्ट करायचं. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून सुटी आयएसओ फाईल अशी उघडण्याची सोय विंडोजमध्येच आहे. पण इमेज पार्टमध्ये बांधलेली असेल तर ही सोय अपुरी पडते.

इथे पोथी डोळ्यांसमोर आणा. पोथीची पानं सुटी असतात, पण त्यांवर क्रमांक असतात. सत्तरावं पान वाचायला सगळी पोथी शिवून बांधावी लागत नाही. तेवढं पान काढलं की झालं. तुकडे केलेल्या इमेजचं तसंच आहे. हवा तो मजकूर कुठल्या तुकड्यात कितव्या जागी आहे, हे प्रोग्रॅम हिशेबाने काढतो आणि तेवढंच वाचतो. अट एकच: बांधताना 'स्टोअर' पद्धत वापरलेली हवी, म्हणजे मजकूर दाबून लहान केलेला नको. दाबलेला मजकूर विणलेल्या स्वेटरसारखा असतो. मधल्या टाक्यापर्यंत जायचं तर टोकापासून उसवत यावं लागतं. मग काही प्रोग्रॅम आपल्याला न विचारता टेंप फोल्डरमध्ये प्रत काढून ठेवतात. विनरारमध्ये आतल्या फाईलवर डबल-क्लिक केलं की हेच होतं. फोटो आणि व्हिडिओ मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे पुन्हा दाबून जागा फारशी वाचतही नाही. म्हणून पाठवणाऱ्यालाच सांगायचं, 'स्टोअर' निवडा.

साधनं सांगते. ००१, ००२ असे नुसते कापलेले तुकडे असतील तर विंडोजवर 'ओएसएफमाउंट' पहिला तुकडा दाखवला की पुढचे आपोआप जोडून घेतो. रारचे पार्ट असतील तर लिनक्सवर 'रार-टू-एफएस' आहे. त्यात आधी अखंड इमेज दिसते, मग ती इमेज माउंट करायची, अशा दोन पायऱ्या. सगळे पार्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका आणि 'रीड-ओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, हा पर्याय निवडा. एक जरी पार्ट हरवला तरी सगळं अडतं. त्यासाठी रार फाईली बनवतानाच 'रिकव्हरी व्हॉल्यूम' मागून घ्यावा; तो एक असला तर हरवलेला कुठलाही एक पार्ट पुन्हा तयार होतो.

रीड-ओन्लीवर माझा भर का, तर कोर्टासाठी. जालन्याच्या २०१४ सालच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं, की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ते १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. आत एक अक्षर बदललं तरी ती बदलते. इमेज हाती आली की पहिल्याच दिवशी हॅश काढून वहीत लिहा. पुढे कितीही वेळा रीड-ओन्ली माउंट केलं तरी तो तसाच राहतो, आणि 'तुम्ही पुराव्यात फेरफार केला' या आरोपाला आपल्याकडे उत्तर असतं.

माउंट केल्याने काहीच माग राहत नाही, असं मात्र समजू नका. 'नुकत्याच उघडलेल्या फाईली' या यादीत नावं उरतात, फोटोंच्या छोट्या प्रतिमाही राहू शकतात. म्हणून अशा कामाला शक्यतो वेगळा संगणक ठेवा, पेनड्राइव्हला पासवर्ड लावा आणि इमेज कुणी, कधी उघडली याची नोंद ठेवा. आणि उघडण्याआधी त्या बाईला विचारा.

दुपारच्या सत्रात प्रत्येकीने हे स्वतःच्या हाताने एकदा करायचं आहे. सरावासाठी गेल्या शिबिराच्या फोटोंची सीडी आणली आहे. कुणाच्याही प्रकरणाची फाईल त्यासाठी उघडायची नाही.