बालवाचक, बक्षिसे आणि कपाटाची किल्ली

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वाचनालयात दिलेले भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच्या सायंकाळी 'बालवाचकांस पारितोषिके' असा विषय छापला आहे, व त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा वाचनालय सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींस झाली आहे. आज्ञा आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु ह्याच पारितोषिकांच्या बाबतीत गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती कबूल केल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो असे वाटत नाही.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सणानंतर आम्ही मुलांसाठी एक चढाओढ लावली होती. नाताळपर्यंत जो सर्वांत अधिक पुस्तके वाचील त्यास चांदीची ढाल द्यावयाची, असे ठरले. हेतू शुद्ध होता. पहिल्याच महिन्यात कपाटापुढे मुलांची रीघ लागली, आणि ती पाहून आम्ही मनातून फुगून गेलो. नाताळात नोंदवही उघडली तेव्हा पहिल्या मुलाच्या नावावर ४१ पुस्तके निघाली. टाळ्यांच्या गजरात ढाल दिली. तो व्यासपीठावरून खाली उतरल्यावर आमच्यापैकी एकाने त्यास सहज विचारले, "बाळ, ह्यांतले तुला आवडले कोणते?" तो गोंधळला, व थोड्या वेळाने म्हणाला की, बारीक होती ती आवडली. त्यात त्या लेकराचा काय दोष? आम्ही पुस्तके मोजीत होतो, म्हणून त्यानेही मोजली.

ह्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. त्याच नोंदवहीत अगदी शेवटच्या ओळीवर एका दहा वर्षांच्या मुलाचे नाव होते, आणि त्यापुढे एकच पुस्तक: साने गुरुजींचे 'श्यामची आई'. तेच पुस्तक त्याने तीन वेळा नेले होते. आमच्या नियमाप्रमाणे तीनदा नेले तरी ते एकच. सर्व मुलांची नावे संख्येच्या क्रमाने मोठ्याने वाचली गेली, त्याचे नाव शेवटी आले, आणि सभेतील मुले हसली. त्या दिवसापासून तो मुलगा वाचनालयात आलेला नाही.

मुलांस वाचावयास लावण्यासाठी वर काहीतरी द्यावे, ही कल्पना मात्र आमची नव्हे. ती बरीच जुनी आहे. लंडन शहरात जॉन न्यूबेरी नावाचा एक पुस्तकविक्रेता होऊन गेला. त्याने १७४४ साली मुलांसाठी खिशात मावेल असे एक चिमुकले पुस्तक काढले. नुसते पुस्तक सहा पेन्सला; आणखी दोन पेन्स टाकल्यास मुलास एक चेंडू, अथवा मुलीस टाचण्या खोचण्याची एक लहानशी उशी मिळत असे. चेंडू काय आणि उशी काय, एक बाजू तांबडी व दुसरी काळी. चांगले काम केले की तांबड्या बाजूस टाचणी खोचावयाची, वाईट केले की काळ्या बाजूस. तांबड्या बाजूस दहा टाचण्या झाल्या तर एक पेनी बक्षीस, आणि साऱ्या काळ्या बाजूस गेल्या तर छडीचा प्रसाद! आमची नोंदवही आणि न्यूबेरीची उशी ह्यांत फारसे अंतर नाही, हे आम्हांस मागाहून उमगले. तथापि न्यूबेरीचे एक ऋण मान्य केले पाहिजे. मुलाने उपदेशाबरोबर करमणुकीसाठीही वाचावे, हे त्याने आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच छापून टाकले होते.

ह्याच न्यूबेरीचे नाव पुढे जगातील पहिल्या बालसाहित्य-पारितोषिकास मिळाले. फ्रेडरिक मेल्चर ह्या गृहस्थांनी १९२१ साली अमेरिकन ग्रंथालय संघापुढे तशी सूचना मांडली, आणि १९२२ साली हेंड्रिक व्हॅन लून ह्यांस मानवजातीच्या इतिहासावरील त्यांच्या पुस्तकाबद्दल पहिले न्यूबेरी पदक देण्यात आले. इंग्लंडात १९३६ पासून कार्नेगी पदक सुरू झाले. आपल्या देशात साहित्य अकादमीने २०१० सालापासून बालसाहित्य पुरस्कार देण्यास आरंभ केला, व मराठीतील पहिला मान डॉ. अनिल अवचट ह्यांच्या 'सृष्टीत गोष्टीत' ह्या पुस्तकास लाभला. येथे एक गोष्ट आमच्या श्रोत्यांस ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १९२८ सालचे न्यूबेरी पदक धनगोपाल मुखर्जी ह्या बंगाली लेखकास मिळाले होते. पुस्तकाचा नायक एक कबूतर, आणि त्याचे नाव चित्रग्रीव; आपल्या पंचतंत्रातील कपोतराजाचे तेच नाव. हे कबूतर पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर आपल्या हिंदी सैनिकांचे निरोप वाहून नेते.

ही सारी पदके पुस्तकास, म्हणजे लेखकास मिळतात, आणि ती देणारेही मोठेच असतात. त्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. वाचनालयाच्या तुटपुंज्या पैशांतून काय विकत घ्यावे, हे ठरविताना अशा याद्या फार उपयोगी पडतात. परंतु मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का असला म्हणजे मूल पुस्तक उघडतेच असे नाही.

बरे, बक्षीस मुलासच दिले तर? ह्याविषयी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत एक प्रयोग झाला, व तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची ज्यांस मुळातच आवड होती अशी लहान मुले निवडून त्यांचे तीन गट केले. एका गटास आधीच सांगितले की, चित्र काढाल तर रेशमी फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटास काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्यास काहीच दिले नाही. काही दिवसांनी तेच रंग पुन्हा मुलांपुढे ठेवले असता, बक्षिसाच्या आशेने चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अकस्मात बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच टिकली. हे वाचले तेव्हा आम्हांस आमची ढाल आठवली. नाताळानंतर ४१ पुस्तकांच्या त्या विजयी वीराने आजपर्यंत एकही पुस्तक नेलेले नाही, हेही येथे नमूद करणे भाग आहे.

मग पारितोषिके बंदच करावीत काय? आम्हांस तसे वाटत नाही. अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात १९५२ सालापासून एक निराळी रीत चालत आली आहे. तेथे विल्यम ॲलन व्हाइट ह्यांच्या नावाने एक बालसाहित्य-पारितोषिक आहे. पुस्तकांची यादी मोठी माणसे करतात, परंतु निकाल शाळकरी मुले आपल्या मतांनी लावतात. यादीतील पुस्तके वाचल्यावाचून मत देता येत नाही. म्हणजे परीक्षेस बसते ते पुस्तक, आणि परीक्षक होते मूल! बक्षिसाची दिशा एवढी एकच गोष्ट त्यांनी फिरविली.

आता ज्या बाईंची हकीकत आम्हांस विशेष करून सांगावयाची आहे, त्यांजकडे वळतो. त्यांचे नाव पुरा बेलप्रे. जन्म पुएर्टो रिको बेटावरचा, जेथील प्रजा बहुतेक कॅथोलिक आणि भाषा स्पॅनिश. १९२१ साली त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीस लागल्या. त्या शहरात त्यांच्या बेटावरून पोटासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे राहत होती. बेलप्रेबाईंनी मुलांच्या विभागातील फळ्यांवर नाना देशांच्या लोककथा पाहिल्या. परंतु आपल्या आजीने सांगितलेली एकही कथा त्यांस तेथे आढळली नाही. तेव्हा त्यांनी मुलांस गोलाकार बसवून, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही, त्या कथा तोंडी सांगण्यास आरंभ केला. पुढे त्यांतील एक कथा १९३२ साली पुस्तकरूपाने निघाली. तीत पेरेस नावाचा उंदीर व मार्टिना नावाची झुरळीण ह्यांचा विवाह आहे. (सिस्टर हसत आहेत, परंतु आमच्या आज्यांच्या गोष्टींतही उवा, चिमण्या आणि कावळे संसार करीतच होते!) ग्रंथालयात त्यांनी तीन राजांचा सण साजरा करावयास सुरुवात केली. जे आईबाप 'हे इंग्रजांचे घर, येथे आमचे काय काम' म्हणून दारातून परत फिरत, ते त्या निमित्ताने आत आले. ह्या बाईंच्या नावाने १९९६ सालापासून अमेरिकेत एक बालसाहित्य-पारितोषिक दिले जात आहे.

ही हकीकत दूरच्या शहराची खरी, परंतु आमच्या वसईतील मुलाची स्थिती ताडून पाहा. घरी आजी त्याच्याशी सामवेदी बोलते किंवा वाडवळी बोलते. शाळेत तो इंग्रजीतून शिकतो. देवळात मिस्सा ऐकतो ती मराठीत. तीन भाषांच्या तीन खोल्या, आणि आमचे वाचनालय त्यांतल्या एकाच खोलीत उघडते. अशा मुलाने एक मराठी पुस्तक आठ महिन्यांत तीनदा वाचले असेल, तर तो मागे पडला असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणालो?

आणि ही गोष्ट आपल्या धर्मपरंपरेस नवी नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. गोव्यातील साष्टी प्रांतात त्यांनी पाहिले की, नवख्रिस्ती लोकांच्या हातची जुनी पुराणे सुटली, परंतु वाचण्याऐकण्याची भूक काही सुटली नाही. त्यांनी लोकांच्या भाषेत, लोकांच्या ओवीत ख्रिस्तपुराण रचिले व १६१६ साली ते छापले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. आमची मुले सांप्रत भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांतच मराठी लिहितात, त्यावर आपण त्रागा करितो. तेव्हा ४०० वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकाची आठवण ठेवलेली बरी.

आणखी एका पारितोषिकाचा उल्लेख ह्या देवळाच्या आवारात केला पाहिजे. अमेरिकेतील कॅथोलिक ग्रंथालय संघाने १९५९ साली रेजिना पदक सुरू केले. 'साल्वे रेजिना' म्हणणाऱ्यांस त्या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. हे पदक एखाद्या पुस्तकास नव्हे, तर बालसाहित्याच्या आजन्म सेवेस मिळते. पहिले पदक इंग्रज लेखिका एलिनॉर फार्जन ह्यांस मिळाले. ह्या बाईंनी वयाच्या सत्तरीत, १९५१ साली, कॅथोलिक धर्म स्वीकारला होता. त्या शाळेत गेल्या नाहीत. वडिलांच्या घरी धुळीने भरलेली, कसलीही शिस्त नसलेली पुस्तकांची एक लहान खोली होती, तीच त्यांची शाळा. पुढे आपल्या कथासंग्रहास त्यांनी त्याच खोलीचे नाव दिले. दुसरे पदक १९६० साली ॲन कॅरोल मूर ह्यांस देण्यात आले. ह्या तर ग्रंथपाल. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालने उघडून त्यांनी 'शांतता राखा' ह्या पाट्या काढून टाकल्या, आणि पुस्तके जपण्याचे वचन लिहून देणाऱ्या प्रत्येक मुलास वहीत स्वहस्ते आपले नाव घालू दिले. कॅथोलिक संघाचे दुसरेच पदक दार उघडणाऱ्या बाईस मिळाले, हे वाचून आमची मान खाली गेली. कारण आमचे कपाट कुलूपबंद असते, आणि किल्ली ज्यांजकडे असते ते गृहस्थ बहुधा शेतावर असतात.

यास्तव पूज्य फादरांच्या संमतीने आम्ही काही फेरफार योजिले आहेत. ढाल देणाऱ्या कुटुंबास आम्ही भेटलो, व त्यांनी मन मोठे करून आमचे म्हणणे मान्य केले. ह्यापुढे ढालीवर मुलाचे नाव कोरले जाणार नाही. मुले ज्या पुस्तकास निवडतील त्याचे नाव कोरले जाईल. दहा पुस्तकांची यादी कपाटावर लावली आहे. त्यांतील दोन वाचलेल्या, अथवा एकच पुस्तक पुनःपुन्हा वाचलेल्या, प्रत्येक मुलास मत आहे. मतमोजणी तीन राजांच्या सणादिवशी, ६ जानेवारीस, ह्याच चटईवर होईल. रविवारी मुलांच्या मिस्सेनंतर कपाट उघडे राहील, आणि किल्ली खिळ्यावर टांगलेली असेल. एखादे पुस्तक हरवेल, ते हरवू द्यावे. महिन्यातून एकदा कोणी आजी अथवा आजोबांनी येऊन आपल्या घरच्या बोलीत एक गोष्ट सांगावी, मोठ्या मुलांनी ती वहीत उतरवून घ्यावी, आणि त्या वहीस इतर पुस्तकांप्रमाणेच क्रमांक घालून फळीवर ठेवावे, असेही ठरले आहे. पहिल्या गोष्टीसाठी दोन आज्यांनी होकार दिला आहे. दोघींत पहिला मान कोणाचा, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

नोंदवहीच्या शेवटच्या ओळीवरील ते पुस्तक अजून त्याच मुलाच्या नावावर आहे. परतीची तारीख उलटून बरेच महिने झाले. आम्ही दंड आकारला नाही, व ते मागावयासही कोणी गेले नाही. येत्या रविवारी आमच्यापैकी दोघे त्याच्या घरी जाणार आहोत, ते मतपत्रिका घेऊन.