ध्रुवीय समुद्र आणि विदर्भाचा पाऊस



नागपूरला समुद्र नाही. येथील शून्य मैलाचा स्तंभ भूमीच्या अंतर्भागात उभा आहे. तरीही येथील पावसाचा विचार करताना उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राकडे पाहावे लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. पावसाने परतीच्या वाटेला लागावे, असे ते दिवस.

गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सैबेरियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रावरचा बर्फ उन्हाळ्यात घटला, की सप्टेंबरात मध्य भारतातील अतिवृष्टी वाढते, असा संबंध त्यांना आढळला. बर्फ सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग परत धाडतो. उघडे पाणी मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेते. ती उष्णता हवेला मिळते, वायव्य युरोपवर उंचावर वायुभार वाढतो आणि तेथून उठलेली वातावरणातील लाट आशियापर्यंत येते. अरबी समुद्र तापलेला असेल, तर बाष्पाला तोटा नसतो.

अर्थात, एखाद्या पुराचे खापर कारा समुद्रावर फोडणे हे शास्त्र नव्हे. नाग नदीचे पात्र कोणी आवळले, हेही नागपूरकरांनी स्वतःला विचारावे.

ध्रुवसागराची खरी किमया मिठात आहे. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंशाला गोठते आणि गोठताना मीठ बाहेर टाकते. ते खारे, जड पाणी खाली बुडते. उत्तर ध्रुवसागरात वर थंड, कमी खारट थर आणि त्याखाली अटलांटिकचे उबदार, खारे पाणी असते. वरचा थर झाकणाचे काम करतो. झाकण दुबळे झाले, की बर्फ खालूनही झिजतो. अटलांटिकच्या या पाण्याची चाल टिपण्यासाठी भारताने जुलै २०१४ मध्ये स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्ड खाडीत १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा नांगरली. काठावर ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून आहेच.

सप्टेंबरात विदर्भात सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या असतात, कपाशीला बोंडे धरलेली असतात, अंबिया बहाराची संत्री झाडावर असतात. कारा समुद्रावरील बर्फाचा विस्तार उपग्रहांना रोज दिसतो. त्यावरून शेतकऱ्याला काही आठवडे आधी सावध करणारा अंदाज बांधणे, हे काम वास्कोच्या शास्त्रज्ञांपुढे आणि हवामान खात्यापुढे आहे.