काटकसर कोणाच्या ताटातून?

(डोंबिवलीजवळच्या एका गावी बचत गटाच्या मायबहिणींपुढे एका शाळामास्तरणीने केलेले भाषण.)

मायबहिणींनो, आणि दाराशी उभे राहून ऐकणाऱ्या बंधूंनो,

थोड्या पैशात संसार नीट कसा चालवावा, यावर मी चार शब्द बोलावेत असे तुम्ही कळवलेत. निरोप आणणाऱ्या बाईंनी बजावूनही सांगितले की, कोणाला पाणी भरायचे आहे, कोणाला रात्रपाळीला जायचे आहे, तेव्हा लांबण लावू नका. बरे तर, लावीत नाही.

हा विषय असा आहे की त्यावर बोलणारे पुष्कळ, आणि त्यातले बहुतेक पोटभर जेवून बोलणारे. बायकांनी काटकसर करावी, उधळेपणा सोडावा, असा त्यांचा उपदेश. कल्याणच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांचे घर चालवणाऱ्या बाईला काटकसर शिकवायला निघणे म्हणजे माशाच्या पिलाला पोहणे शिकवणे होय. तिला काटकसर येते. इतकी येते की ती स्वतःच्याच ताटापासून सुरू करते. आधी नवरा जेवतो, मग पोरे, मग सासूबाई. आणि ही टोपाच्या तळाला लागलेला भात व उरलेले कालवण खाऊन उठते. अंड्याचे कालवण केले तर तिच्या वाट्याला रस्सा. औषध सर्वांना येते, हिच्या कंबरदुखीला मात्र पुढचा महिना असतो, आणि तो पुढचा महिना काही येत नाही.

याला आपल्यात गुण म्हणतात. मी याला गुण म्हणायला तयार नाही. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. त्याआधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायचा तो वाढला. याची कारणे अनेक आहेत, पण सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवणे हे त्यातले एक, असे माझे मत आहे. आई आजारी पडली की घराचे सारे हिशेब कोलमडतात. तिची मजुरी बुडते, डॉक्टरचे बिल येते, पोरीची शाळा बुडते, कारण मग चूल पोरीकडे जाते. माझ्या वर्गात महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी चौकशी केली तर दहापैकी सहा-सात वेळा हेच उत्तर मिळते. तेव्हा ताटातून वाचवलेले ते दोन रुपये पुढे दोनशे खाऊन जातात.

मग पैसा वाचवायचा कोठून? आधी तो जातो कोठून ते पाहू. समजा, घरात नवराबायकोचे मिळून महिन्याला वीस हजार येतात. खोलीचे भाडे आणि वीज यांत सहा हजार गेले. वाणसामान, भाजी, दूध, गॅस यांत सात. हे खर्च बाईच्या हातचे, आणि उपदेश सगळा यांवरच होतो. उरले सात हजार. त्यांतून कर्जाचे हप्ते, शाळेची व शिकवणीची फी, मोबाईल, पान-तंबाखू, आणि कोठे हळद, कोठे बारसे, त्याचे आहेर. या सात हजारांवर कोणी बोलत नाही, कारण त्यांतले पुष्कळसे पुरुषांच्या आणि समाजाच्या मानापानाचे असतात. मिरच्या मोजायच्या आणि हप्ते मोजायचे नाहीत, अशी ही तऱ्हा आहे.

म्हणून पहिली गोष्ट, एक वही घाला. बाईला लिहिता येत नसेल तर पाचवीतले पोर लिहील, त्याचे गणितही सुधारेल. रात्री निजण्यापूर्वी दिवसाचा खर्च सांगायचा आणि त्याने मांडायचा. घरधन्याच्या खिशातला खर्चही त्यातच लिहायचा, तो वेगळा ठेवायचा नाही. महिना संपला की बेरीज सर्वांसमोर वाचायची. मी सांगते, पहिल्या महिन्यात घरात थोडे भांडण होईल. होऊ द्या.

आता वहीत सर्वांत मोठे भोक दिसेल ते व्याजाचे. अडीनडीला गावातला माणूस शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे देतो. ऐकायला पाच लहान वाटतात. दहा हजार घेतले तर महिन्याला पाचशे व्याज झाले, वर्षाला सहा हजार. वीस महिन्यांत तुम्ही दहा हजार भरून बसता आणि मूळ दहा हजार तसेच डोक्यावर उभे राहतात. तेच तुमच्या गटातून शेकडा दोनने घेतले तर महिन्याला दोनशे, आणि ते व्याजही गटाच्या पेटीत, म्हणजे तुमच्याच घरी परत येते. एकीने घ्यायचे आणि पाचजणींनी जामीन राहायचे, अशी कर्जे देणाऱ्या कंपन्या आता दारोदार येतात. त्यांच्याविषयी एक नियम पाठ करून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ठरवून दिले आहे की, वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराला विनातारण दिलेले असे कर्ज घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज पाहून द्यावे, आणि ती बेरीज महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापुढे जाऊ नये. एक कर्ज फेडायला दुसरे आणि दुसरे फेडायला तिसरे काढले की तो निम्मा कधी ओलांडला ते कळतही नाही. वही असली तर कळते.

दुसरे भोक लग्नाचे. आपल्या ठाणे-कल्याणकडच्या आगरी-कोळी समाजात पूर्वी लग्नाला धवलारीण असे. ती आपल्यातलीच जाणती बाई, धवले गाऊन लग्न लावून देई, आणि साऱ्या गावाला ते मान्य असे. तिचा मान साडीचोळीचा. आता हळदीच्या एका रात्रीत बँजो, डीजे, मटण आणि दारू यांत जो पैसा जातो, तो फेडायला नव्या नवरीची पहिली तीन वर्षे जातात. ज्योतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली पहिले लग्न लावले ते भटजीवाचून, पानसुपारीच्या खर्चात. दीडशे वर्षे झाली. भटाची दक्षिणा वाचवायला शिकलेले आपले लोक तीच रक्कम शंभरपट करून मंडपवाल्याला देतात, याला सुधारणा म्हणावे की काय ते तुम्हीच ठरवा. मुलीच्या बापाला मी हात जोडून सांगते, हळदीला लागणाऱ्या पैशांतले निम्मे मुलीच्या नावाने टपालात किंवा बँकेत ठेवा. गाव दोन दिवस बोलेल.

तिसरे भोक फीचे. येथे मी सरकारी शाळेची मास्तरीण आहे, तेव्हा माझे बोलणे पदरचे वाटेल, तरी ऐका. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण फुकट मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. तरी टाय लावलेले पोर पाहून आपण भुलतो आणि इंग्रजी पाटीच्या शाळेला हजारो मोजतो. तिथली शिकवण चांगली असेल तर जरूर मोजा. पण आधी वर्गात जाऊन पाहा, पोराला वाचता येते का ते पाहा. आमच्या शाळेत मास्तर शिकवीत नसेल तर आम्हालाही जाब विचारा. पालकांच्या सभेला नुसती सही करून परतू नका.

आता स्वयंपाकाचे. त्यात तुम्हीच माझ्या गुरू, पण शाळेत शिकवते ते चार शब्द सांगते. नाचणी ही शहापूर-मुरबाडच्या डोंगराची. हाडांना लागणारा चुना तिच्यात दुधाच्या जवळजवळ तिप्पट आहे, वजनास वजन धरून. तिची भाकरी काळी म्हणून पोरे नाक मुरडतात, तर आंबील करा, गूळ घालून सत्त्व करा. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यात मैदा आणि साखर; त्याच पैशांच्या मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांनी पोराचे अंग भरते. सुकट, जवळा, सुके बोंबील उन्हाळ्यात भरून ठेवावेत, पावसात मासळी महाग होते तेव्हा ते घर तारतात. पावसाळ्याच्या तोंडाशी आदिवासी बाया ठाणे-कल्याणच्या स्टेशनाबाहेर टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे घेऊन बसतात. त्यांच्याशी एकेका रुपयाची घासाघीस करू नका, त्याही आयाच आहेत. आणि शेवळाला काकडाचा पाला किंवा फळ घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजून घर डोक्यावर घेईल. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जाते, चहा तासाभराने घ्या. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पोट बिघडते म्हणून पुष्कळजणी फेकून देतात. जेवणानंतर घेतल्या तर तो त्रास कमी होतो.

वाणसामान एकटीने रोज पाव-पाव किलो आणणे सर्वांत महाग. दहा घरे मिळून घाऊक आणा आणि वाटून घ्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करीत आली आहे. शेजारची घरे संघ करून महिन्याची यादी एकत्र देतात. तुमच्या गटाला हे अवघड नाही. केशरी कार्डावर धान्य बसते का, नाव चढले आहे का, ते तपासा आणि दुकानात अंगठा दिला की पावती मागा. नोकरीला रोज लोकलने जाणाऱ्या बाईने महिन्याचा पास काढण्याऐवजी तीन महिन्यांचा काढावा. तो महिन्याच्या पासाच्या तिप्पट नसून २.७ पट पडतो. एस.टी.ला २०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मे तिकीट आहे.

हे सारे सांगताना माझ्या मनात एक धास्ती असते. बाया थोडक्यात भागवतात असे दिसले की मालक म्हणतो, भागते ना, मग पगार कशाला वाढवायचा? म्हणून बजावते की महागाई हा बाईच्या हातचा दोष नव्हे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईच्या बाया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या काही काटकसर येत नव्हती म्हणून उतरल्या नव्हत्या. धुण्याभांड्याच्या चार घरांत राबणारीने आणि कारखान्यात डबे भरणारीने मजुरी वाढवून मागावी, शक्य तर चौघींनी मिळून मागावी.

शेवटची गोष्ट वेळेची. ती वहीत मांडता येत नाही, पण सर्वांत जास्त खर्च तिचाच होतो. सरकारने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटे त्यात जातात असे निघाले, पुरुषाची ९७. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात गवार मोडीत बसलेल्या बाया पाहून लोक कौतुकाने हसतात. मला हसू येत नाही. घरी पोहोचताच कुकर चढवायचा असतो म्हणून ती गवार तिथे मोडली जाते. त्याच गाडीत पुरुषांच्या डब्यात पत्ते चाललेले असतात. पत्त्यांना माझा विरोध नाही, पण गवारीची पिशवी एखाद्या दिवशी त्या डब्यातही जाऊ द्यावी.

नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्या ठाण्यात जन्मले. त्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० च्या जूनपासून रविवारची सुट्टी मिळवली. गिरणीत बायाही होत्या, त्यांनाही ती मिळाली. पण घरी आल्यावर त्यांचा रविवार धुण्यात गेला, आणि आजही जातो. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या बंधूंना माझी विनंती आहे: येत्या रविवारपासून दुपारचा स्वयंपाक तुमच्याकडे. येत नसेल तर शिका. मुलगा असेल तर त्यालाही बरोबर घ्या, म्हणजे त्याच्या बायकोला पुढे हे भाषण ऐकावे लागणार नाही. आणि त्या दुपारी आईने निजावे, किंवा वाचावे, किंवा नुसते दाराशी बसावे. बसलेल्या बाईला काय करतेस म्हणून विचारू नये.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या, मी तपासून देईन. बेरजा चुकल्या तरी चालतील, पण घरधन्याच्या खिशाचे पान कोरे दिसले तर मी वही परत पाठवीन.