गेलेल्या माणसाचं अपुरं काम

डोंबिवलीच्या गर्दीत लटकत ऐकत असाल, तर आधी नीट उभे राहा, मग ऐका.

घरातलं माणूस गेलं की लोक म्हणतात, "रडू नकोस, विश्वास ठेव." मला हे अजिबात पटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला 11वा अध्याय काढा. लाजराला आपण उठवणार, हे येशूला ठाऊक होतं. तरी मरियेला रडताना पाहून तोही रडला. म्हणजे पुनरुत्थानावर विश्वास असूनही डोळ्यांत पाणी येऊ शकतं. येऊ द्या.

मग आशा कुठे दिसते? मला ती लक्ष्मीबाई टिळकांत दिसते. मे 1919 मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळक गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्ध्याहून जास्त राहिलेलं. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या, शाळेत कधी न गेलेल्या. पुढे त्यांनीच एकेक अध्याय रचत ते जवळजवळ पूर्ण केलं. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांना माहीत असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. माणूस कायमचं संपलं असं मानणारी बाई हे काम उचलेल, असं मला वाटत नाही.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ठाण्या-कल्याणमधले कॅथलिक लोक कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवतील. तुम्हीही जा. पण त्याआधी एक करा: तुमच्या गेलेल्या माणसाचं राहून गेलेलं एखादं काम शोधा. कुणाला करायचा राहिलेला फोनसुद्धा चालेल. काय सापडलं, ते आम्हाला व्हॉइस नोटवर सांगा.