आमच्या पणजोबांचा शोध
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला एक साधा कारकून. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. भाषणाची सवय नाही, तरी चूकभूल पदरात घ्यावी. घराण्याची माहिती कशी मिळविली ते सांग, अशी समितीची आज्ञा झाली म्हणून उभा आहे.

आमच्या घरास गावात 'वरोरेवाले' म्हणतात. आजोबा तरुणपणी वरोऱ्याहून राजूरला आले, एवढेच आम्हांस ठाऊक. कोळशाच्या खाणीमुळे येथे दूरदूरची माणसे आली, त्यांतलेच आम्ही, असा सर्वांचा समज. माझ्या लहानपणी एका वर्गणीच्या यादीत वडिलांचे नाव 'बाहेरगावचे' या सदरात पडले. वडील कोणास काही बोलले नाहीत. त्या रात्री मात्र जेवले नाहीत.

कचेरीत जुन्या नकलांसाठी रोज माणसे येतात. इतर मागासवर्गीयांस जातीच्या दाखल्याकरिता १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे पणजोबांची आठवण बहुधा मुलाच्या प्रवेशाची मुदत संपताना होते! अशाच एका अर्जदार गृहस्थांशी स्नेह जमला. ते म्हणाले, "साहेब, आधी आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा." वरोऱ्यास ते पाहिले. आजोबांच्या नावापुढे पालक म्हणून मामाचे नाव, आणि जन्मगाव राजूर!

मग रीतसर अर्ज करून, फी भरून राजूरच्या कोतवाल बुकाच्या नकला घेतल्या. अक्षर मोडी, मला एक ओळ लागेना. एका सेवानिवृत्त गुरुजींनी चार रविवार बसून ती वाचून दिली, चहाशिवाय काही घेतले नाही. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव आणि 'मुलगा' एवढेच. मुलाचे नाव नाही. त्यात आपल्याकडे आजोबाचे नाव नातवास ठेवतात, म्हणजे एका नावाची दोन-दोन माणसे. मी तर आनंदाने भलताच पणजोबा धरून बसलो होतो. गुरुजींनी वयाचा हिशेब घालून तो सोडावयास लावला.

खरी नोंद निघाली ती १९१८ सालच्या मृत्यूंत. आठ दिवसांत आधी पणजोबा, मग त्यांची पत्नी. कारण 'ताप'. ती इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षी हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली आणि वऱ्हाड-मध्यप्रांतास तिचा फार मोठा तडाखा बसला. चार वर्षांच्या पोरक्या मुलास मामाने उचलून वर्धा नदीपलीकडे नेले. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मध्यप्रांताचा चांदा जिल्हा. म्हणून कागदही दोन ठिकाणी विखुरले. आजोबा मोठेपणी परत आले ते स्वतःच्याच गावी. त्यांनी हे कधी सांगितले नाही. कदाचित त्यांनाच कोणी सांगितले नसेल.

पुढे तेच अर्जदार गृहस्थ त्र्यंबकेश्वरास गेले. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव व आडनावानुसार असतात. त्यांनी राजूर काढावयास लावले आणि पानाचे छायाचित्र मोबाईलवर पाठविले. त्यात पणजोबा, त्यांचे वडील आणि एक धाकटा भाऊ. त्या भावाचा वंश आमच्याच गल्लीत, आमच्यापासून सातव्या घरी! आडनाव एक, हा आजवर योगायोग समजत होतो. आजवर नुसता रामराम होता, सुतक पाळत नव्हतो. ते बंधू आज समोर बसले आहेत. या देवळाची देणगी आम्ही दोन्ही घरांनी मिळून दिली आहे.

ज्यांना शोध घ्यावयाचा त्यांनी कचेरीत मला जरूर भेटावे. जुन्या कागदांवर यवतमाळऐवजी वणी जिल्हा दिसला तर गोंधळू नये. १९०५ पर्यंत आपला जिल्हा त्याच नावाचा होता. खाणीवरच्या मंडळींचे मूळ गाव परप्रांतात असेल, तर तिकडचे शाळेचे रजिस्टर आधी पाहावे.

एक विनंती आहे. देणगीदारांच्या फलकावर आमच्या पणजोबांचे नाव आहे. पणजीचे नाही, कारण नोंदीत तिला फक्त 'अमक्याची बायको' म्हटले आहे. समितीने खाली एक ओळ मोकळी ठेविली आहे. वरोऱ्याकडच्या सोयऱ्यांपैकी कोणाच्या घरी, कोणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी तिचे नाव असेल, तर मला कळवावे.